विटलेलं हेल्मेट

उन्हात पांढुरक्या पडलेल्या प्लास्टिकची भुकटी बोटांना लागली की मला चाकणच्या कंपनीतली ती दुपार आठवते. मी स्टोअर सांभाळायचे. उघड्यावर पाइप जोडणारा एक कंत्राटी कामगार हेल्मेट घेऊन आला. "ताई, हे पार विटलंय. बदलून द्या." ऊन सोसावं म्हणून प्लास्टिकमध्ये मिसळलेलं रसायन वर्षागणिक संपत जातं आणि मग प्लास्टिक ठिसूळ होतं, हे मला ठाऊक होतं. पण नवी हेल्मेटं साहेबांनी पाहुण्यांसाठी राखून ठेवली होती. "आजच्या दिवस चालवा, भाऊ," मी म्हणाले. तासाभरात वरून पाना पडला आणि हेल्मेट फुटलं. तो वाचला, पण त्याची वाचा गेली. काही महिन्यांनी चौकशीत मला विचारलं, "त्यानं हेल्मेट बदलून मागितलं होतं का?" तो समोरच बसला होता, माझ्याकडे बघत. मी नाही म्हणाले. हे आज पहिल्यांदाच सांगतेय.