माझ्या हातचं पाणी

कल्याणहून शीळकडे जाणाऱ्या वाटेवर आमचं गाव. तिथे हायस्कूल होतं असं सांगितलं की ठाण्याचे लोक हसतात. हसू देत बापडे. जुन्या धर्मशाळेत इंग्रजीचे वर्ग भरत. एक हेडमास्तर, तीन मास्तर, घंटा वाजवायला एक शिपाई आणि मुलांना पाणी घालायला मी. विहिरीवरून घागरी आणायच्या, पडवीत ठेवायच्या, आणि मधल्या सुट्टीत पोरांनी ओंजळ धरली की तांब्याने वरून धार सोडायची. ब्राह्मणाच्या हातचं पाणी सगळ्यांना चालतं म्हणून ते काम मला मिळालं. माझा पुतण्या त्याच शाळेत, म्हणून सगळी पोरं मला काकूच म्हणत.

मी विधवा, पण माझ्या डोक्यावर केस होते. नवरा गेला तेव्हा सासरे म्हणाले, "पोर लहान आहे, राहू द्या." सासऱ्यांच्या शब्दापुढे कोण बोलणार? पण ते गेले, घराचा कारभार दिरांकडे आला, आणि माझ्या पदराखालचं ओझं सगळ्या गावाला जड होऊ लागलं. दीर शाळेच्या कमिटीत होते. त्यांनी हेडमास्तरांना बजावलं, "सकेशा बाईच्या हातचं पाणी मुलांनी प्यायचं नाही. तिने वपन करावं, नाहीतर काम सोडावं."

हेडमास्तर सज्जन, पण भित्रा माणूस. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मुलं पीत असतील तर मी काही तरी बोलेन. मुलंच प्यायची थांबली, तर मग माझा इलाज नाही."

म्हणजे माझे केस आणि माझी भाकरी, दोन्ही पोरांच्या ओंजळीत गेलं.

आमच्या शाळेत दर शनिवारी वक्तृत्वसभा भरायची. मोठी मुलं बोलायची, धाकटी टाळ्या वाजवायची. त्या शनिवारी कोणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे, विषय ठेवला केशवपनाचा. दार उघडं, मी बाहेर घागरीपाशी. माझ्याच डोक्याचा निवाडा चालला होता आणि मी तांब्या घासत होते! वपन नको या बाजूने माझा पुतण्या बोलला. काय बोलला म्हणून सांगू! "त्या अनाथ भगिनींच्या मस्तकावर" असं म्हणून त्याने हात उंचावला तेव्हा माझ्या डोळ्यांना पाणी आलं. वपन हवं या बाजूने एक भिक्षुकाचा मुलगा बोलला. गरीब पोर, परगावचा, वार लावून जेवणारा, रोज वेगळ्या घरी. त्याचा गुरुवारचा वार आमच्या घरी होता. तो अडखळत, शास्त्राची वचनं पाठ म्हणून दाखवत कसाबसा बोलला आणि खाली बसला. टाळ्या सगळ्या पुतण्याला.

सभा सुटली. पोरं घामाघूम होऊन बाहेर आली. दीर समोर ओट्यावर येऊन उभेच होते. मी तांब्या उचलून धरला. पुतण्याने माझ्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं.

"काकू, मला तहान नाही," म्हणाला, आणि विहिरीकडे गेला. त्याच्यामागून एकेक करत बाकीचे गेले. माझ्या हाताला रग लागली, पण तांब्या खाली ठेवण्याचं धाडस होईना.

मग तो भिक्षुकाचा मुलगा आला. खाली वाकला, ओंजळ धरली. "काकू, घाला. घसा सुकलाय."

मी धार सोडली. तो पीत राहिला, सावकाश, सगळ्यांदेखत. दिरांचा चेहरा रागाने लाल झाला होता.

कमिटी बसली तेव्हा हेडमास्तरांनी कसा काय धीर केला कोण जाणे. म्हणाले, "एक विद्यार्थी पाणी पितो आहे. त्याला तहानलेला ठेवा, असं कमिटीने लिहून द्यावं, मी बाईंना उद्याच काढतो." लिहून द्यायला कोण पुढे येणार? माझं काम राहिलं. एका पोराच्या तहानेवर राहिलं.

दिरांनी त्याचा गुरुवार बंद केला. मी पदराआड मूठभर पोहे नेई, पण कधी ते जमे, कधी नाही. गुरुवारी तो दोनदा पाणी प्यायला येई. ते का, हे मला कळत होतं, आणि जीव तुटत होता.

एकदा मी विचारलंच, "का रे, मग सभेत तू वपन हवं म्हणून का बोललास?"

"मला ती बाजू नेमून दिली होती, काकू."

भर पावसाळ्यात, पोरं कुडकुडत असताना, त्याला कुठली आलीय तहान! एकदा अंगात ताप घेऊन आला. मी म्हटलं, "अरे मेल्या, घरी जाऊन पड. आज नको पिऊ." तो म्हणाला, "घाला, काकू. कोणीतरी बघत असेल." अर्धं पाणी त्याच्या कोपरावरून खाली गेलं. पोटच्या पोराने इतकं केलं नसतं.

तो मॅट्रिकला बसायला मुंबईला गेला. दुसऱ्या दिवशी मी घागरी भरून बसले. सुट्टीची घंटा झाली, पोरं समोरून विहिरीवर गेली. हेडमास्तर दारात आले, उभे राहिले, आणि आत गेले. दिवसभरात घागरीचं पाणी एका बोटानेही उतरलं नाही.

त्यानंतरच्या दुपारी दिरांनी न्हावी पाठवला. घरातली माणसं मुद्दाम लग्नाला गेलेली. कडक ऊन. तो म्हातारा अनवाणी चालत आला, वस्तऱ्याची धोपटी मागच्या ओट्यावर ठेवली आणि मान खाली घालून बसला. वाटी मागायची, पाणी मागायचं, पण त्याने धोपटी उघडलीसुद्धा नाही.

मी तांब्या आणला. म्हटलं, "उन्हातून आलास. आधी पाणी पी."

त्याने ओंजळ धरली. मी वरून धार सोडली तसा माझा पदर डोक्यावरून घसरला. दोन्ही हात गुंतलेले, सावरणार कशी? त्याने मान वर केली नाही. घटाघटा प्याला, तोंड पुसलं आणि धोपटी उचलली.

"बाई, तुम्ही घरी नव्हता असं सांगतो," तो म्हणाला. "पण ते उद्या परत पाठवतील. मला नाही तर दुसऱ्याला. उद्या खरंच घरी नसा."

त्याच संध्याकाळी मी कल्याण गाठलं आणि ठाण्याला मामांकडे आले. पापड लाटले, शेवया केल्या, पोट भरलं. तो मुलगा पास झाला की नाही, तेही मला कधी कळलं नाही.

केस आता पांढरे झालेत. गुंता सोडवायला रोज सकाळी बराच वेळ जातो. सुना हसतात मामांच्या घरच्या. मी सावकाश विंचरते.