तालमीमागची विहीर

आबा गेल्याचं मला पाचव्या दिवशी कळलं. त्यांच्या थोरल्या मुलानं, संपतनं, निरोप ठेवला तो शिरवळच्या कारखान्याच्या गेटवर. मी तिथून निवृत्त झालो त्याला तीन वर्षं होऊन गेली, पण संपतच्या डायरीत माझ्या नावापुढं तोच एक नंबर होता. गेटवरचा पहारेकरी सायकलनं घरी आला आणि बाहेरूनच म्हणाला, "काका, तुमचे कोणी आबा खरात होते का?" होते का, असं विचारलं त्यानं... पुढं काही सांगायची गरजच राहिली नाही. माझा स्वभाव भित्रा आहे. दारात अनोळखी माणूस दिसला तरी मी आधी आत वळतो. त्या दिवशी तिथंच उंबऱ्यावर बसलो. बायकोला हाक मारली, तिनं गॅस बंद केला आणि येऊन माझ्याशेजारी बसली.

पांडुरंग खरात, म्हणजे आमचे आबा, हे नाव वाचकांना ठाऊक असण्याचं कारण नाही. सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या एका नगरपालिकेत ते आगीच्या बंबाचे जमादार होते आणि मी त्यांच्या हाताखाली रोजंदारीवर होतो. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्यांची मुलंबाळं तिथं सुखानं नांदतायत, आणि कुणाला बोल लावावा असं माझ्या मनात नाही.

मी मूळचा भंडाऱ्याकडचा. सहावीत शाळा सोडली, ट्रकवर क्लीनर झालो, मग ड्रायव्हर. तांदूळ घेऊन सांगलीकडे आलो असताना कावीळ झाली. मालकानं दुसरा ड्रायव्हर गाठला, हळद भरली आणि ट्रक परत नेला. मी सरकारी दवाखान्यात पडून राहिलो. शेजारच्या खाटेवर आबांचे मेहुणे होते. आबा त्यांच्यासाठी भाकरी आणायचे. तिसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी मऊ भात येऊ लागला. कुणी सांगितलं नव्हतं, मी मागितला नव्हता.

"गाव कुठलं रं?" त्यांनी विचारलं.

"भंडारा जिल्हा जी."

"म्हंजे नागपूर."

"नाही जी, नागपूर अलीकडे राहते."

"आमास्नी ते नागपूरच. गाडी चालवतोस न्हवं? मग ऊठ लवकर."

तेव्हापासून मी सगळ्यांचा नागपूरकर झालो. आजही त्या गावात माझं खरं नाव सांगितलं तर कुणी ओळखायचं नाही.

नगरपालिकेकडे बंब एकच होता, भाजी मंडईमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. कायम नोकरी फक्त आबांची. बाकी आम्ही दोघं रोजंदारीवर, आणि आग मोठी असली तर पाणीपुरवठ्याची माणसं धावत यायची. आबा साताऱ्याकडच्या माण भागातले, धनगराच्या घरातले. वडिलांच्या मागं मेंढरं घेऊन त्यांनी लहानपणी अर्धा मुलूख पायांखाली घातलेला. पुढं सैन्यात गेले, तिथं ट्रक शिकले, आणि सुटून आल्यावर या शेडमध्ये. खाकी कपड्यांना रोज इस्त्री. बोलणं मात्र मेंढरांमागच्या माणसाचंच राहिलं.

बंबाच्या टाकीत पाणी असतं ते थोडा वेळ पुरणारं. ते संपलं की पुढचं पाणी कुठून आणायचं, यावर सगळा खेळ. आमच्या गावात तेव्हा पाणी भरायची जागा एकच, पाणीपुरवठ्याची टाकी, ती गावाच्या या टोकाला. आणि जळण्यासारखं सगळं त्या टोकाला. लाकडाच्या वखारी, कडबा बाजार, हळदीची गोदामं. म्हणून आबा दर महिन्याला एक दिवस सायकलवर गावातल्या विहिरी बघत हिंडायचे. दोरीला दगड बांधून सोडायचा, दोरी किती भिजली ते बघायचं, आणि मला सांगायचं, "लिव्ह." सहावीपर्यंतचं माझं शिक्षण तिथं कामाला आलं. चैत्रात अमकी विहीर, दीड पुरुष पाणी. वैशाखात कोरडी. कडबा बाजाराला लागून तालमीमागची विहीर, चैत्रातही तीन पुरुष. एकदा मी म्हणालो, "आबा, विहिरी तर जागच्या हलत नाहीत, एकदा लिहून ठेवलं की झालं." त्यावर हसले. "मेंढरांमागं हिंडणारा मानूस पानी कुठं हाय ते इचारत न्हाई गड्या. कवा हाय, ते इचारतो." त्या वहीला आमच्यात नाव नव्हतं. आज कारखान्यांतून असल्या वहीला मोठं नाव असतं, तपासायला साहेब येतो. नगरपालिकेत ती कधी कुणी मागितलीसुद्धा नाही.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. फेब्रुवारीत नगरपालिकेचं अंदाजपत्रक व्हायचं होतं. एका सकाळी नगराध्यक्ष स्वतः शेडमध्ये आले. ऊसवाले, सधन घरचे, मनानं मोठे. खुर्ची पुसायला मी धावलो तर म्हणाले, "असू दे रे." मग त्यांनी बेत सांगितला. तालमीमागची विहीर बुजवायची, त्या जागी दुकानांचे गाळे बांधायचे, आणि त्या भाड्यातून बंबावरची दोन माणसं कायम करायची. "जकातीतून किती भागवायचं आबा? सरकार एक वेळ नवा बंब देईल, पण बंबावरच्या माणसाचा पगार कोण देणार? हे उत्पन्न आपलं, कायमचं. तुमच्याच माणसांसाठी करतोय."

दोन माणसं म्हणजे मी आणि माझा जोडीदार. बायको तिकडे माझ्या आईजवळ विड्या वळत होती, मुलगी दीड वर्षाची. तिला मी एकदाच बघितलेलं. रोजंदारीवर त्यांना आणायची माझी छाती नव्हती. आज काम आहे, उद्या नको म्हणाले तर? त्याच दुपारी पोस्टात जाऊन पत्र टाकलं. कायम होतोय, भावाला घेऊन ये. ठराव नाही, सही नाही, नुसतं अध्यक्षांचं बोलणं... आणि मी, एवढा भित्रा माणूस, पत्र टाकून मोकळा झालो.

तिसऱ्या दिवशी आबा अध्यक्षांना भेटून आले. काय झालं ते मला नंतर शिपायाकडून कळलं. अध्यक्ष म्हणाले होते, "आबा, माणसं हवीत का विहीर? दोन्ही द्यायला माझ्याकडं काही नाही." आणि आबा म्हणाले होते, "मंगळवारी समद्या मेंबरांस्नी कडबा बाजारात घेऊन या. मग तुमीच सांगा."

मंगळवारी सकाळी त्यांनी मला बाजूला घेतलं. "नागपूरकर, आज नळी तू धरायची."

"मी कशाला जी?"

"तुज्याच पोटावर येतंय म्हणून. माघारनं दुसऱ्याकडनं कळण्यापरास तुज्या हातनं होऊ दे. नको म्हनलास तर ऐकायचो न्हाई, पर सांगून करतोय."

"आबा, घरी पत्र टाकलंय मी. येऊन राहिली ते, पोरीला घेऊन."

त्यांनी वाकून बंबाचं चाक हातानं चाचपलं. "मग येऊ दे की," म्हणाले. "आमच्यात जागा न्हाई व्हय?"

कडबा बाजार त्या दिवशी गजबजलेला होता. मेंबर सात-आठ जण, पानाच्या ठेल्यापाशी उभे. थट्टा चाललेली. एकजण म्हणाला, "आबा, रंगपंचमी अजून लांब हाय की!" आबांनी पंप सुरू केला. मी नळीचं तोंड धरून उभा राहिलो, रिकाम्या मैदानाकडे रोखून. आता जे लिहितो ते आबांना मी कधी सांगितलं नाही, आणि आता सांगायला ते नाहीत, म्हणून इथं लिहितोय. नळीच्या तोंडाला फिरवायची चकती असते. ती अर्धी फिरवली की धार बारीक होते आणि पाणी दुप्पट वेळ पुरतं. मेंबरांपैकी कुणाला त्यातलं काही कळणार नव्हतं. पाणी बराच वेळ चाललं असतं, ते म्हणाले असते, पुरे की एवढं, आणि विहीर गेली असती. मी कायम झालो असतो. माझा हात चकतीवर होता. मुलीचं तोंड डोळ्यांपुढं आणायला गेलो तर ते नीट आठवेना... आणि मी ती चकती पूर्ण उघडली. का, ते तेव्हाही कळलं नाही. आबा पंपाजवळ होते, माझ्याकडे पाठ करून. त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही.

मेंबरांची पानं लावून व्हायच्या आत टाकी रिकामी झाली. मग आबा बंब घेऊन पाणीपुरवठ्याच्या टाकीकडे गेले. बाजाराच्या गाड्या, बैलं, मधली चिंचोळी गल्ली. परत येईतो अर्धे मेंबर सावलीला जाऊन बसले होते. मघाचाच गृहस्थ म्हणाला, "आबा, राख थंड झाली, आता चहा करा त्यावर!"

"व्हय," आबा म्हणाले. "आता हितनं दावतो." त्यांनी जाड पाइप तालमीमागच्या विहिरीत सोडला, पंप लावला, आणि मी पुन्हा नळी धरली. या वेळी पाणी थांबेचना. शेवटी अध्यक्षच म्हणाले, "बंद करा. कळलं."

सभेत विहीर राहिली. गाळे नाहीत, म्हणून भाडं नाही, म्हणून माणसं नाहीत. अंदाजपत्रकात बंबापुढं नवे टायर आणि नळ्या एवढंच पडलं. यात कुणी वाईट नव्हतं, हे मला आता कळतं. अध्यक्षांचं चूक नव्हतं, आबांचंही नव्हतं. पण तेव्हा मी आबांशी आठ दिवस बोललो नाही. विहीर यांना माणसापेक्षा जवळची, असं जोडीदाराला ऐकवलं, तेही आबांना ऐकू जाईल असं.

आणि नवव्या दिवशी शेडच्या दारात बायको उभी. बरोबर तिचा भाऊ, डोक्यावर पत्र्याची पेटी, काखेत मुलगी. येऊ नको असं दुसरं पत्र लिहायचं माझ्या हातून झालंच नव्हतं. मी हातातल्या फडक्यानं बंबच पुसत राहिलो. आबा पुढं झाले, पेटी उतरवून घेतली आणि तिला म्हणाले, "ये बाई. लय लांबनं आलीस. हे बेणं काय बोलायचं न्हाई, तू चल घरी."

त्यांच्या दोन खोल्यांतली एक आमची झाली. आबांची कारभारीण, गंगूवहिनी, माझ्या बायकोला बाजरीची भाकरी थापायला शिकवू लागल्या, ती भाताच्या मुलखातली, भाकरी दर वेळी तुटायची, आणि वहिनी म्हणायच्या, "तुटू दे, पोटात जाऊन तुटायचीच हाय." पावसाळ्याच्या तोंडाला रोजंदारीची माणसं कमी झाली, त्यात मी गेलो. आबांनी सैन्यातल्या जुन्या सोबत्याला शिरवळला चिठ्ठी दिली. तिथं एका कारखान्याला आगीची माहिती असलेला माणूस हवा होता. "शिक्षण इचारलं तर घाबरू नगंस," ते म्हणाले. "पानी कुठनं येतं, ते तू त्येनला इचार." मी तसंच विचारलं. त्या प्रश्नावर माझी सगळी नोकरी झाली, मुलीचं शिक्षण झालं, घर झालं.

दोन वर्षांपूर्वी आबांना भेटलो ती शेवटची भेट. पाय सुजलेले, ऐकू कमी येत होतं. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं. "आबा, तालमीमागची विहीर... आगीला कधी लागली का?"

"न्हाई. येकदाबी न्हाई."

"एकदाही नाही?"

"त्या अंगाला आगच न्हाई लागली. मी रिटायर झाल्यावर बुजिवली. गाळं बांधलं."

म्हणजे ज्या पाण्यासाठी एवढं झालं, ते कुणी वापरलंच नाही. माझा चेहरा त्यांनी वाचला असावा. "मग काय मग?" ते म्हणाले. "बरं झालं की." आणि थोड्या वेळानं, पाय पुढं करून, "ह्या चपला तिथल्याच गाळ्यातल्या. चांगल्या हायती."

आबांचे दिवस झाल्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघं तिकडे गेलो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. बायकोला जवळ घेऊन रडल्या, मग डोळे पुसून चहाला उठल्या. नको म्हटलं तरी ऐकलं नाही. मी मागच्या दाराशी हात धुवायला गेलो तर जिन्याखाली एक मोठं पत्र्याचं पिंप, काठोकाठ भरलेलं, वर लाकडी झाकण, शेजारी दोन बादल्या पालथ्या घातलेल्या. घरात नळाला आता दिवसभर पाणी असतं.

"हे कशाला वहिनी?"

"त्येंचं होतं," वहिनी आतून म्हणाल्या. "दर आयतवारी वतायचं, घासायचं आन् पुन्ना भरायचं. नुसतं भरून ठेवायचं. म्या किती येळा भांडले, पाय मोडून घेशिला म्हनून." चहाचे कप घेऊन त्या दारात आल्या आणि पिंपाकडे बघत राहिल्या. "संपत म्हनतो, काडून टाकू आता, जागा आडतीया. तुमी सांगा, काय करू?"

चहा पिऊन झाल्यावर शर्टाच्या बाह्या वर केल्या. पाणी शिळं झालं होतं, तीन रविवार कुणी बदललं नव्हतं. बादलीनं काढून आम्ही ते परसातल्या शेवग्याला घातलं. बायकोनं नारळाच्या शेंडीनं पिंप आतून घासलं, वहिनी बाजूला उभ्या राहून सांगत होत्या, "तळाला घास, तितं शेवाळ धरतं." मग मी नळी लावली, आणि पाणी काठाला येईपर्यंत आम्ही तिघंही तिथंच उभे राहिलो.