मेणबत्त्यांच्या डब्याचं झाकण

विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की मला अमेरिकेतल्या आमच्या बॉथेल गावाहून दीड तासावरचा एक बर्फाचा डोंगर आठवतो. एका वर्षी मुलीने पहिल्यांदाच मला सोबत स्नोबोर्डिंगला नेलं होतं. बोर्ड बर्फावरून नीट घसरावा म्हणून त्याच्या तळाला मेण लावतात, एवढं तिच्याकडून कळलं होतं, म्हणून आदल्या दिवशी गॅरेजमध्ये दिवाळीच्या उरलेल्या मेणबत्त्या वितळवून मी माझ्या सेकंडहँड बोर्डवर जुनी इस्त्री फिरवली. मेण म्हणजे मेण, असा माझा हिशोब. सकाळी बर्फ कडक होता, तेव्हा दोघांचे बोर्ड सारखेच करकरत पळाले आणि मी मनातून फुशारलो. दुपारी ऊन पडलं, बर्फ ओल्या मिठासारखा जड झाला. तिचा बोर्ड तरीही घसरत गेला, माझा मात्र सपाट जागी चिकटूनच बसला. ती परत आली. "बाबा, व्हॉट डिड यू पुट ऑन इट?" मी सांगितलं. तिने वाकून बोर्डचा तळ हुंगला. "इट स्मेल्स लाइक लक्ष्मीपूजन." मी म्हणालो, "तुझा चालतोय ना, तू जा. मी येतो चालत." तिने आपला बोर्ड सोडवून काखेत मारला आणि आम्ही पार्किंगपर्यंत बर्फ तुडवत गेलो. घरी आल्यावर तिने मेणबत्त्यांच्या डब्याच्या झाकणावर मार्करने, मराठी शाळेतल्या वाकड्या अक्षरांत लिहिलं, 'बाबा, बोर्डला नाही.' आता ती कॉलेजला दूर असते. गेल्या दिवाळीत डबा गंजला म्हणून नवा आणला, पण झाकण जुनंच ठेवलंय. ते नीट बसत नाही.