बाईंचा उमेदवार, आगांचा उमेदवार

आमच्या फारसीच्या क्लासचा एक किस्सा सांगायला घेतला ना, की दुसरा धक्का मारून पुढे येतो. फारसी आम्हाला किती आली हा प्रश्न विचारू नका. पण ज्या उन्हाळ्यात इराणमध्ये अध्यक्षपदाची निवडणूक होती, त्या एका उन्हाळ्यानं मला जन्मभर पुरतील इतके किस्से दिलेत. तेव्हा बसा निवांत.

क्लास अंधेरीला, मरोळमध्ये, फरजानाबाईंच्या हॉलमध्ये भरायचा. विद्यार्थी तीन. मी घाटकोपरला सुक्या मेव्याच्या आयात ऑफिसात, पिस्तेवाल्यांशी बोलता यावं म्हणून यायचे. नरेन इराणी सिरियलींचे सबटायटल्स करायचा. आणि भांडुपचे तावडेकाका, मूळचे मालवणचे, जन्मभर बोटीवर इंजिनात काम केलेले. काका का यायचे? "इराणच्या बंदर अब्बासाक एका हॉटेलवाल्यान माका कायतरी म्हटल्यान होता. ती शिवी होती काय आशीर्वाद, ता कळाक होया!"

* * *

आधी बाईंची ओळख. फरजानाबाई मूळच्या शिराझच्या. शिकायला पुण्यात आल्या, सदाशिव पेठेत एका आजींकडे पेइंग गेस्ट राहिल्या आणि मराठी तिथंच शिकल्या. त्यामुळे अख्ख्या मरोळमध्ये सगळ्यात शुद्ध मराठी कोणाची, तर ह्या इराणी बाईची!

एकदा आम्ही दोघी रिक्षा शोधत होतो. एक थांबली. बाई वाकून म्हणाल्या, "आपण आम्हाला मरोळ नाक्यापर्यंत सोडू शकाल का?"

रिक्षावाल्यानं मान वळवून मागची सीट बघितली. "मॅडम, मी एकटाच आहे!"

त्यांचे यजमान बेहरूझ, ते मात्र थेट मरोळात उतरलेले. आम्ही त्यांना आगा म्हणायचो, म्हणजे आपलं 'साहेब'. जुने गालिचे दुरुस्त करायचं त्यांचं दुकान होतं. मराठी शिकले ते गिऱ्हाइकांकडून आणि टेम्पोवाल्यांकडून. बाई म्हणायच्या, "हा गालिचा अतिशय जीर्ण झाला आहे." आगा म्हणायचे, "वाट लागलीय याची!"

* * *

निवडणूक क्लासमध्ये शिरली ती व्याकरणातून. बाई भविष्यकाळ शिकवत होत्या.

तिकडे तेव्हाचे अध्यक्ष कडव्या मताचे, दुसऱ्यांदा उभे. त्यांच्यासमोर एक सुधारणावादी. बाईंचा जीव ह्या दुसऱ्यात. त्यांची भाची शिराझला गाणं शिकत होती, आणि तिकडे बायकांना बंदी असली तरी तिला स्टेजवर एकटीनं गाता यावं एवढी साधी इच्छा होती बाईंची. आगांचा धाकटा भाऊ मात्र इराकबरोबरच्या युद्धात मारला गेला होता. आगा म्हणायचे, देश वाचवायला कडक माणूस लागतो, गोडबोल्या नाही. दोघांच्याही बोलण्यात खोटं काही नव्हतं. म्हणून तर वांधे होते!

उमेदवारांची नावं मी घेत नाही, कारण आम्हीही घेत नव्हतो. एक बाईंचा उमेदवार, एक आगांचा.

तर बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'तो जिंकेल.' आणि नरेनला म्हणाल्या, "हे पूर्ण वाक्यात सांगा."

नरेन हुशार. बाईंच्या उमेदवाराचं नाव घालून त्यानं खणखणीत फारसीत वाक्य म्हटलं. बाई खूश.

स्वयंपाकघरातून आगांचा आवाज आला, "व्याकरण बरोबर. माहिती चूक!"

* * *

चहा आगा करायचे. इराणी पद्धतीचा, बिनदुधाचा, सोबत खडीसाखरेसारखे साखरेचे खडे. प्रचार तापला तसं एक दिवस आगांनी जाहीर केलं, "आजपासून साखर फक्त माझ्या पार्टीला. सुधारणावाल्यांनी फिका प्यायचा. त्यांचं सगळं तसंच असतं, फिकं!"

नरेनची पंचाईत झाली. त्याला चहात तीन चमचे साखर लागायची. तो हळूच म्हणाला, "आगा, तसे तुमचे अध्यक्षही काही वाईट नाहीत यार." बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की बिचाऱ्यानं उचललेला खडा परत ठेवला.

मग आगा तावडेकाकांसमोर ट्रे घेऊन उभे राहिले. "काका, तुम्ही कुठल्या पार्टीत?"

काकांना डायबिटीस. गेल्याच आठवड्यात काकूंनी त्यांना जिलेबी खाताना पकडलं होतं.

काका छाती काढून म्हणाले, "मी पयल्यापासून सुधारणावाल्यांचोच!"

* * *

दोन उमेदवारांची टीव्हीवर समोरासमोर चर्चा झाली, तो दिवस मी विसरणार नाही. लॅपटॉपवर ती लावली होती. पाचव्या मिनिटाला उमेदवार कमी आणि बाई-आगा जास्त बोलायला लागले. दहाव्या मिनिटाला दोघं उभे राहून बोलायला लागले. फारसीत भांडण किती गोड वाटतं सांगू! आम्हाला वाटलं कविताच चालू आहे. फक्त मधेच आगा मराठीत ओरडले, "डोक्याची मंडई करू नको!"

तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या शिंदेकाकू. हातात लाटणं. त्यांना वाटलं, आगा बाईंवर हात उचलतायत.

बाईंनी पदर सावरावा तशी ओढणी सावरली. "क्षमस्व काकू. काही गंभीर नाही. आमच्याकडे अध्यक्ष बदलायचे चालले आहे."

काकूंनी लाटणं खाली केलं. आत डोकावून हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, मग आपल्या सोसायटीचा पण बदला ना! मी लग्न होऊन आले तेव्हापासून तोच आहे. कोणाचं ऐकत नाही मेला!"

आता सोसायटीचे चेअरमन कोण? शिंदेकाका!

* * *

बाईंच्या उमेदवाराच्या लोकांनी हिरवा रंग घेतला होता. तिकडे पोरं मनगटाला हिरव्या फिती बांधून फिरत होती. बाईंनाही काहीतरी हिरवं हवं होतं. मी म्हटलं, "बाई, मनगटावर हिरवं म्हणजे आमच्याकडे एकच गोष्ट!" आणि त्यांना घेऊन गेले अंधेरी स्टेशनजवळ कासारणीकडे.

कासारीण बांगड्या चढवता चढवता म्हणाली, "गोरी गं बाई तू. लग्न कुणाकडं?"

"लग्न नव्हे, निवडणूक आहे."

"उभी राहिलीस?"

"मी नाही. एक गृहस्थ आहेत. लांबचे."

कासारणीनं शेवटची बांगडी सरकवली आणि कपाळाला हात लावून बाईंच्या मनगटाला नमस्कार केला. "होईल बघ निवडून. माझ्या हातचा चुडा आहे."

आगांनी बांगड्या बघितल्या. मग उठून साखरेचा डबा आत नेऊन ठेवला. पुढे आठवड्याभरात भांडी घासताना त्यातली एक फुटली. बाईंचा चेहरा एवढासा झाला. इतकी शिकलेली बाई, पण अपशकुन झाल्यासारखं त्यांना वाटलं, आणि आमच्या वर्गात त्या दिवशी कोणाचं लक्ष लागेना. आगांनी खाली बसून काचा वेचल्या, चपला घातल्या आणि निघून गेले.

तासाभरानं आले ते कागदात गुंडाळलेली एक बांगडी घेऊन. हिरवीच!

बाई म्हणाल्या, "हा तर तुझ्या विरोधकांचा रंग."

आगा चहा ठेवायला आत जात म्हणाले, "दुकानात दुसरा रंगच नव्हता."

मी ते दुकान बघितलंय. तिथं दुसरे सगळे रंग आहेत.

* * *

हसण्यासारखंच सगळं होतं असं नाही. मतदानाला थोडे दिवस राहिले असताना आम्ही क्लासला गेलो तर दार उघडं आणि बाई सोफ्यावर फोन धरून बसलेल्या. त्यांचा धाकटा भाऊ कामरान रात्री भिंतीवर पोस्टरं लावायला गेला होता. त्याला कोणीतरी गाडीत घालून नेलं. कुठं, ते कोणी सांगत नव्हतं. आई तिकडे रडत होती. बाई इथं रडतही नव्हत्या. नुसत्या बघत होत्या.

तावडेकाका त्यांच्या शेजारी बसले. पहिल्यांदाच त्यांनी मालवणी सोडून सरळ मराठीत म्हटलं, "पोरी, पाणी पी आधी."

आगा गॅलरीत होते. आगाही त्या युद्धात लढले होते, आणि तेव्हाचे त्यांचे जुने सोबती आता तिकडे सरकारात बऱ्या जागांवर होते. ज्यांच्याशी ते गेली कित्येक वर्षं बोलले नव्हते अशा एकेका माणसाला ते फोन लावत होते. आम्हाला काचेतून फक्त पाठ दिसत होती. आधी ताठ. मग कोणापुढे तरी थोडी वाकलेली. आगांना असं वाकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. भावाच्या नावानं त्यांनी शब्द टाकला, हे बाईंनी आम्हाला नंतर सांगितलं. युद्धात गेलेल्या त्या भावाचं नाव ते घरातही घेत नसत.

संध्याकाळी उजेड होता तोवर फोन आला. कामरान घरी पोचला होता. ओठ फुटलेला, बाकी धड. बाईंनी फोन कानाला लावला आणि मग त्यांचा बांध फुटला. बोलता येईना, म्हणून आगांनी फोन घेतला. आम्हाला वाटलं, आता पोराला झापणार.

आगा फारसीत म्हणाले, आणि एवढी फारसी आम्हालाही कळली, "काय रे, पोस्टर सरळ लावता येत नाही? वाकडं लावलं असशील, म्हणून पकडलं!"

पलीकडून हसण्याचा आवाज आला. इतका मोठा की तो आम्हा तिघांनाही ऐकू आला. आणि मग बाई हसल्या, डोळे पुसत.

त्या दिवशी चहाबरोबर सगळ्यांना साखर मिळाली. काकांनीसुद्धा एक खडा घेतला, आणि कोणी त्यांना अडवलं नाही.

* * *

आता शेवटचा.

परदेशातल्या इराण्यांना वकिलातीत मत देता येतं, आणि वकिलात पार टाउनला, म्हणजे दक्षिण मुंबईत. शुक्रवार होता. नरेननं गाडी काढली. पुढे मी. मागे बाई, आगा आणि "मीव येतंय, माका घरात बसवणा नाय" म्हणणारे तावडेकाका. बाईंनी हिरवी ओढणी घेतली होती. आगांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट. मरोळपासून टाउनपर्यंत काका मधे आणि हे दोघं दोन खिडक्यांना. मी मनात म्हटलं, बरंय, दोन मतं एकमेकांना खाणार, मग एवढं पेट्रोल कशाला जाळायचं! पण बाईंचा चेहरा बघून बोलले नाही. पोरीला पहिलीत सोडायला निघालेल्या आईसारखा चेहरा होता.

आम्ही तिघं बाहेर झाडाखाली थांबलो. रांग चांगली लांब. म्हाताऱ्या बायका, कॉलेजची पोरं, पुण्याहून बस करून आलेले विद्यार्थी. हिरवी मनगटं बरीच. कोणी कोणाशी भांडत नव्हतं. उलट एकमेकांना खजूर वाटत होते.

दोघं बाहेर आले तेव्हा बाईंचे गाल लाल झाले होते. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"तुम्हाला ठाऊक आहे ना, आमच्याकडे मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव स्वतःच्या हाताने लिहायचे असते? माझे लिहून झाले. आणि हे महाशय कागद घेऊन उभे! म्हणाले, चष्मा घरी विसरलो, अक्षर दिसत नाही, तूच लिही. तिथल्या माणसानेही परवानगी दिली."

नरेननं आरशातून मागे बघितलं. "मग? बाई, सही मौका होता ना! तुमच्याच माणसाचं लिहिलंत की नाही?"

"मुळीच नाही!" बाई ताठ झाल्या. "मोह झाला, नाकारत नाही. पण ज्या गोष्टीसाठी आम्ही भांडतो, तीच मी कशी मोडू? मी सुवाच्य अक्षरात यांच्या उमेदवाराचे नाव लिहिले, यांच्याच हातात दिले, आणि यांनी पेटीत टाकले."

काका म्हणाले, "वा गो माझ्या वाघिणी!" नरेननं हॉर्न वाजवून सलामी दिली. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं.

आगा खिडकीबाहेर बघत होते. माहीम गेलं, वांद्रे गेलं. विलेपार्ल्याच्या सिग्नलला एक पोरगी संध्याकाळचा पेपर विकत आली. आगांनी काच खाली करून एक घेतला, पांढऱ्या शर्टाच्या खिशात हात घातला, चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि पहिलं पान वाचायला लागले.

सिग्नल सुटला, तरी नरेननं गाडी हलवली नाही.

बाई हळूच म्हणाल्या, "बेहरूझ. चष्मा खिशातच होता?"

आगांनी पान उलटलं.

"अगं बये, तुझ्या उमेदवाराचं नाव माझ्या हातानं लिहवेना, म्हणून तर कागद तुला दिला होता ना!"