सातव्या तंबूचं पायपुसणं

पाऊस संपून लुआंग्वा नदीचं पाणी उतरलं, की सफारी कॅम्पवाले गावातून होडीनं पलीकडच्या, जंगलाच्या काठावर जातात आणि हत्तींनी मोडलेलं सगळं पुन्हा उभं करतात. तंबू, गवताच्या भिंती, अंघोळीचे आडोसे. परदेशी पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मात्र कामवाल्यांनीच पाहुणे व्हायचं असतं. एकेका तंबूत दुपार काढायची, पाहुण्यांचं जेवण जेवायचं, पलंगावर लोळायचं, आणि चहाच्या वेळी काय कमी पडलं ते तोंडावर सांगायचं. हंगामभर दुसऱ्यांची अंथरुणं घालणाऱ्यांना तेवढा एक दिवस मिरवायला मिळतो.

फालेसी आपली पाळी दर वर्षी दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकायची. या वर्षी मॅनेजर ब्वाल्यानं तिचं ऐकलं नाही.

"आंबुया, यंदा तुम्हीच पाहुण्या. नवा सातवा तंबू तुमचा."

आंबुया म्हणजे आजी. कॅम्पातले सगळे तिला तेच म्हणत. ब्वाल्या शहरातला असला तरी माणूस वाईट नव्हता. त्यानं दुसरी गोष्टही गोडीनंच सांगितली. उद्यापासून तिनं गावाच्या काठावरच राहायचं, कॅम्पचे कपडे तिथं धुवायचे. होडीत चढताना तिचे गुडघे कसे कुरकुरतात ते सगळेच बघत होते. पण कॅम्पात काम नसलेल्याला जंगलाच्या काठावर पाऊल टाकायची परवानगी नाही. म्हणजे पाहुणचार आणि निरोप, दोन्ही एका ताटात वाढले होते.

सातवा तंबू एका म्हाताऱ्या आंब्याखाली होता. जंगलात आंबा दिसला की समजावं, इथं कधीकाळी चुली पेटत होत्या. फालेसी नवरी होऊन आली ती इथंच. पुढं नदीनं काठ खाल्ला, हत्तींनी शेतं खाल्ली, आणि अख्खं गाव उठून समोरच्या काठावर गेलं. त्याच्या आदल्या वर्षी तिला पहिली मुलगी झाली होती. नाळ गळून पडायच्या आत ती गेली. असं मूल झोपडीबाहेर आणायच्या आधीच गेलं, तर त्याला नाव नसतं, ढोल नसतो, त्याच्यासाठी गळा काढायचा नसतो. म्हाताऱ्या बायका ते मडक्यात घालून पुरतात आणि पुरुषांना जागा सांगत नाहीत. आईनंही विचारायचं नसतं. फालेसीनं विचारलं. तिच्या आजीनं एकदाच, न बोलता, आंब्याच्या बुंध्याकडे बोट केलं. त्या म्हाताऱ्या कधीच गेल्या. आता जागा ठाऊक असलेली ती एकटी उरली होती. कॅम्पात असताना सकाळचं झाडून झालं की ती या आंब्याखाली दम खायला बसायची. लोकांना वाटायचं, सावलीसाठी.

तंबूची जागा ठरवताना ब्वाल्यानं रीत सोडली नव्हती. त्यानं मुखिया साकालाला विचारलं, इथं कुणाचं थडगं आहे का. साकालानं गावातल्या म्हाताऱ्या पुरुषांना विचारलं. एकही नाही, असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं, आणि बिचारे खोटंही बोलले नव्हते. पुरुषांना विचारलं, पुरुषांनी सांगितलं. बायकांना विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, ते येतही नसतं. फालेसीला कळलं तेव्हा खांब उभे राहिले होते.

तिच्या सेवेला कॅम्पात झाडलोट करणारी तिलेले होती. उद्यापासून हा तंबू तिच्याकडेच जाणार होता.

"मॅडम, सूप घेणार? की आधी पाय दाबून देऊ?"

"जास्त शहाणपणा नको. सूप गार झालंय."

"तक्रार चहाच्या वेळी करायची, मॅडम. आत्ता नुसतं हसायचं, पाहुण्यांसारखं."

फालेसी हसली नाही. जेवून ती पांढऱ्या चादरीवर आडवी झाली, पण डोळ्याला डोळा लागेना. खाली आपली पोर आणि वर आपण असं लोळतोय, याची तिला लाज वाटली. इतकी वर्षं तोंड शिवून बसलो त्याची तर जास्तच. मग तिनं ठरवलं, आज सांगायचं. तंबू हलेल, बुंध्याशी दगड रचतील, आणि वर्षातून एकदा तरी आपल्याला इथं येऊ देतील.

चहाला सगळे जमले. स्वयंपाकी लुंगूनं सुरुवात केली. "चौथ्या तंबूतला पलंग असा करकरतो, की नवं जोडपं आलं तर पाणघोडे तक्रार घेऊन येतील." सगळे खिदळले. मग ब्वाल्या फालेसीकडे वळला.

"साहेब, तंबू हलवायला हवा," ती म्हणाली. "त्या आंब्याच्या बुंध्याशी एक मडकं पुरलेलं आहे."

"ते होय? ते निघालं की," लुंगू केक चावत म्हणाला. कॅम्प उभा करताना स्वयंपाक्यालाही कुदळ धरावी लागते. "खांबाचा खड्डा मीच खणला. कुदळीखाली भुगाच झाला त्याचा. आत नुसती माती होती, आंबुया. सगळी त्या वाटेवर पसरली. कशी झकास बसलीये बघा."

तंबूपासून नदीपर्यंत नवी लाल वाट गेली होती. दुपारी फालेसी त्याच वाटेनं चालत आली होती.

"काही मोलाचं होतं का त्यात?" ब्वाल्यानं काळजीनं विचारलं.

"नाही. माझ्या आजीचं जुनं मडकं."

"मग तंबू?"

"राहू दे. आता कशाला."

तिनं चहा संपवला. पोटचं पोर दुसऱ्यांदा गेलं होतं, आणि याही खेपेला रडायची सोय नव्हती.

होडीकडे निघाल्यावर ती वाट सोडून गवतातून चालू लागली. तिचं गाठोडं घेऊन तिलेले मागून ओरडली, "अहो आंबुया, चांगली वाट सोडून काट्यात कुठं?"

फालेसी थांबली आणि तिनं तिला सगळं सांगितलं. आजीनं तिला सांगितलं होतं त्याहून थोडं जास्त. तिलेलेही वाटेवरून उतरली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. स्वागताचं गाणं नदीवरून गावाच्या काठापर्यंत ऐकू आलं. आता बूट घातलेले पाय त्या वाटेनं चढत असतील, हे फालेसीला न बघता कळलं. ती साबण घासत राहिली.

त्याच्या पुढच्या दिवशी धुण्याची गाठोडी आली. सातव्या तंबूच्या गाठोड्यात सगळ्यात वर पायपुसणं होतं, लाल मातीनं भरलेलं, तसंच अलगद गुंडाळलेलं.

"झटकलंसुद्धा नाही. काय आळशी आहे ही तिलेले," शेजारची बाई म्हणाली आणि ते नदीकडे झटकायला निघाली. फालेसीनं ते तिच्या हातातून काढून घेतलं.

ते उराशी धरून ती घरी गेली. अंगणाच्या कडेला, घरी असली की सकाळी ती बसायची तिथं, तिनं ते हलकेच झटकलं. मूठभर माती पडली. त्यात तिच्या पोरीची किती आणि जंगलाची किती, कोण सांगणार. फालेसी गुडघ्यांवर खाली बसली आणि तिनं मोठ्यानं गळा काढला. शेजारपाजारच्या बायका हातातलं टाकून धावत आल्या.

"कोण गेलं?"

"माझी पहिली मुलगी."

तिला अशी मुलगी झाली होती हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी पुढं झाली, तिच्याजवळ मातीत बसली, आणि तिनंही गळा काढला.