मुठीतला कापूस
ताज्या वेचलेल्या कापसाचा वास आला की अजूनही माझ्या मुठी आवळल्या जातात. कबड्डीत मुरलेल्या आमच्या सरांनी शाळेतल्या मुलींना फुटबॉल शिकवायला घेतला, तेव्हा चेंडूला हात लागू नये म्हणून प्रत्येकीच्या दोन्ही मुठींत कापूस दिला होता. तो सांडला की मैदानाला एक फेरी. मी गोलकीपर होते. मानवत गावी झालेल्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला सुसाट आलेला चेंडू मी हात पाठीमागे धरून पोटावर झेलला आणि आडवी झाले. गोल वाचला, आम्ही जिंकलो. मला उठवत पंच म्हणाले, "पोरी, गोलकीपरला हात चालतात की." मी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "मला बी आत्ताच कळायलंय." परवा लेकीसाठी गोलकीपरचे हातमोजे घेतले, पण दुकानात आधी मीच घालून बघितले.