तांदळात लिहिलेलं नाव

आधी माफी मागतो. आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकात ज्यांचे लेख येतात, त्यांच्या घरी पुस्तकांचं कपाट असतं. आमच्या घरी कपाट एकच आहे आणि त्यात गोधड्या आहेत. मराठीच्या सरांनी वर्गात विचारलं तेव्हा मी मान खाली घातली होती. पण त्यांनी नेमकं माझ्याकडेच बोट दाखवलं आणि म्हणाले, कल्पनेतलं काही नको, घरातलं लिही. घरातलं म्हणाल तर माझ्याजवळ सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे, आणि तीसुद्धा माझी नाही, माझ्या मोठ्या बहिणीची आहे. तिला विचारूनच लिहितो आहे. ती म्हणाली, बाकी कोणाचं नाव टाकू नको, माझं टाक. म्हणून या लेखात नाव एकच येईल.

आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. माझ्या बाईचं नाव कलावती.

हे नाव तिला एका डोंग्यावरून, म्हणजे होडीवरून मिळालं. आमचं मूळ गाव पारशिवनीच्या पलीकडे, नदीच्या त्या काठावर. बाबांना नागपूरच्या मिलमध्ये काम लागलं तेव्हा आई पोटुशी होती. नदीला पाणी खूप होतं, आणि आई सांगते की मधल्या धारेत डोंगा असा काही फिरला की तिनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा काठ आला होता. डोंग्याच्या कडेला पांढऱ्या रंगात नाव लिहिलेलं होतं. बाबांना तेव्हा जेमतेम अक्षरं जुळवता येत. त्यांनी ती जुळवून वाचली आणि तिथंच ठरवलं की मुलगी झाली तर हेच नाव. नावाड्याला विचारलं, कोणाचं नाव आहे? तो म्हणाला, मले का माहीत, मी डोंगा विकत घेतला तवाच लिवलेलं होतं.

बाई त्या नावाला फार जपायची. शाळेच्या पाटीवर, पितळी डब्यावर, उशीच्या अभ्र्यावर सगळीकडे तिनं ते लिहून किंवा विणून ठेवलं होतं. आमच्या घरात मॅट्रिक पहिली तीच झाली. मग तिनं मास्तरणीचा दोन वर्षांचा कोर्स केला. मी कॉलेजात जाणारा घरातला पहिला, असं लोक म्हणतात, पण फॉर्म कसा भरायचा ते मला तिनंच शिकवलं.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला सावनेरहून स्थळ आलं. मुलगा कोळशाच्या खाणीत वायरमन, घरी थोडी कपाशीची शेती, माणसं साधी. मुलगा बाईला आवडला होता हे मला तिनं न सांगताच कळलं, कारण ती त्या दिवशी चहात साखर टाकायची विसरली. सगळं चांगलं चाललं होतं. मग मुलाच्या काकांनी रीतीप्रमाणे तिला नाव विचारलं. बाई म्हणाली, "कलावती."

पाहुणे एकमेकांकडे पाहायला लागले. मुलाच्या वडिलांनी घसा खाकरला. शेवटी काकाच हसून म्हणाले, "अरे बाप्पा, हे तं आमच्या वहिनीचं नाव आहे. एकीले हाक मारली तं दोघी येतील."

सगळे हसले, पण अडचण खरी होती. सुनेनं सासूचं नाव घ्यायचं नाही ही आमच्याकडची जुनी रीत. मग सुनेला कोणी नाव विचारलं तर ती काय सांगणार? आणि दुसरी अडचण त्याहून मोठी. नवऱ्यानंही बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही. मुलाच्या वडिलांनी जन्मात कधी बायकोला नावानं हाक मारली नव्हती. आता सुनेला ते त्याच नावानं कसे बोलावणार? काकांनी लगेच तोड काढली. लग्नात नवरदेव अंगठीनं ताटातल्या तांदळात नवरीचं नवं नाव लिहितो, तेव्हा बदलून टाकू. एक चांगलंसं नाव त्यांनी तिथंच सुचवलंसुद्धा. आईबाबांना त्यात वावगं काही वाटलं नाही. आईचं नावही तसंच बदललेलं होतं.

पाहुणे गेल्यावर बाई मोरीत कपबशा विसळत बसली. मी जवळ गेलो. ती वर न पाहता म्हणाली, "सर्टिफिकेटवर एक नाव अन् घरात दुसरं, हे तं लोक चालवतात. पण भाऊ, मले कोणी दुसऱ्याच नावानं हाक मारली अन् मी ओ देल्ली, तं ती मी राहीन का?"

तिनं शेवटची बशी पालथी घातली. मग म्हणाली, "तू कॉलेजात जाते. तूच सांग त्यायले काहीतरी."

खरं सांगायचं तर मी वर्गात हजेरीलासुद्धा हळू बोलतो. दुसऱ्यांच्या घरात जाऊन मी काय सांगणार? पण त्या दिवसापासून ते नाव माझ्या डोक्यात बसलं आणि मला ते जिथंतिथं भेटायला लागलं.

पहिल्यांदा भेटलं ते कॉलेजातच. गॅदरिंगच्या तयारीसाठी संगीताच्या खोलीत दुपारी मुलींचा सराव चालायचा. मी व्हरांड्यात बसून भाकरी खात होतो. आतून पेटीवर काहीतरी सुरू झालं. मला संगीतातलं काही कळत नाही, पण ते सूर एकमेकांपासून जरा लांब लांब उभे होते, नदीतल्या दगडांसारखे, आणि गाणारी मुलगी एकावरून दुसऱ्यावर न घसरता जात होती. सराव संपल्यावर मी धीर करून संगीताच्या मॅडमना विचारलं की हे काय होतं. त्या म्हणाल्या, "राग कलावती."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, हे माझ्या बहिणीचं नाव आहे."

त्या हसल्या नाहीत. खुर्ची पुढे करून बस म्हणाल्या. हा राग मूळचा इकडचा नाही, दक्षिणेतून आला, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, इकडे आल्यावर कोणी त्याचं नाव बदललं नाही का? त्यांनी पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "नाही. गवयांना तो नावासकट आवडला."

हे वाक्य मी घरी जाईपर्यंत मनात घोकत होतो. बाईला सांगितलं तेव्हा तिनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि मला ते सूर गुणगुणायला लावले. मला जमले नाहीत, तरी तिला ते आवडले.

मग नागपूरच्या महाल भागात एका वरातीत बँडच्या मोठ्या ढोलावर लाल अक्षरांत तेच नाव दिसलं. ढोलवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "मालकाच्या मायचं नाव आहे गा. नाव तिचं, बदडतो आम्ही." आणि शेवटी हुडकेश्वरच्या रस्त्याला आमच्या दूधवाल्याच्या गोठ्यात एक म्हैस निघाली, तिचंही हेच नाव. बाई म्हणाली, "बाकी सगळं सांग तिथं. म्हैस नको सांगू."

लग्नाची तारीख ठरल्यावर देण्याघेण्याचा निरोप घेऊन बाबांनी मला सावनेरला पाठवलं. त्यांच्या घरी पुरुषमाणूस कोणी नव्हतं. बाईच्या होणाऱ्या सासूबाई गच्चीवर ज्वारीचे पापड घालत होत्या. मला पाहून त्यांनी विचारपूस केली आणि पापड ज्यावर घालायचे त्या ओल्या धोतराचं एक टोक माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, धर बापू, ताणून. मी टोक धरून उभा राहिलो. निरोप सांगून झाला. मग म्हणालो, "मावशी, नावाचं थोडं बोलायचं होतं."

"कोणाच्या नावाचं?"

"दोघींच्या."

मी डोंग्याचं सांगितलं. रागाचं सांगितलं, ढोलाचं सांगितलं. एवढ्या जणांनी हे एकच नाव वाटून घेतलं आहे आणि कोणाचंच त्यात काही कमी झालेलं नाही, असं काहीसं मला म्हणायचं होतं. घरी पाठ करून आलो होतो, पण ते वाक्य काही केल्या येईना. त्या पळीनं पापड पसरवत ऐकत होत्या, चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मी घाबरलो आणि घाबरल्यामुळे म्हैसही सांगून टाकली.

त्या पळी धरून खालीच बसल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. म्हणाल्या, "म्हशीले चाललं, अन् सुनेले नाई चालत?"

मग पदरानं डोळे पुसून त्या नीट बोलल्या. "हे नाव माह्यंबी नोहे, बापू. मी इथं आली तवा तांदळात लिवून देल्लं यायनं. लिवलं तेवढंच. तोंडानं आजपावतर कधी घेतलं नाई."

आपलं पहिलं नाव घेणारा एक भाऊ होता, तो वारला, आता ते नाव जगात कोणी घेत नाही, असंही त्यांनी सांगितलं. मग ते नाव मला एकदा म्हणून दाखवलं, अगदी हळू. ते मी इथं लिहीत नाही. मी निघालो तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या की पाहू.

लग्नाच्या दिवशी ताट पुढे आलं तेव्हा मी मंडपाच्या खांबाला धरून उभा होतो. काकांनी नवं नाव भटजींना आधीच सांगून ठेवलं होतं. नवरदेवानं अंगठी हातात घेतली आणि सावकाश लिहायला सुरुवात केली. काका वाकून पाहत होते. ते ओरडले, "अरे, हा तं मायचंच नाव लिहून राहिला!"

नवरदेव खाली पाहतच म्हणाला, "मायनंच सांगतलं."

मंडपात हशा झाला. बायकांच्या घोळक्यात सासूबाई पदराची कड सारखी करत होत्या. माझ्या बाईनं ताटाकडे पाहिलं, मग मान वर करून मला शोधलं. काकांनी मात्र हार मानली नाही. ते आपल्या भावाला म्हणाले, "आता तुम्ही सुनेले हाक कशी मारान, दादा?" सासरे मंडपाच्या झालरीकडे पाहत म्हणाले, हाक मारायची गरजच काय, घर केवढंसं आहे.

आणि त्यांनी तसंच केलं. दिवाळीला बाई माहेरी आली तेव्हा आम्ही विचारलं. सासरी सगळं चांगलं होतं, सासूबाई तिच्यासाठी काहीबाही राखून ठेवत आणि तिला खाऊ घालत. पण सासऱ्यांना काही हवं असलं की ते खोकायचे, नाहीतर काठी आपटायचे, नाहीतर भिंतीला विचारायचे की आत कोणी आहे का. सासूबाई तरी स्वतःचंच नाव कसं घेणार? त्या तिला 'पोरी' म्हणायच्या. भाऊजीही रीतीला धरून 'अवं' म्हणायचे. बाई हसतच सांगत होती. पण आई पाणी आणायला गेली तेव्हा मला म्हणाली, "नाव तं राहिलं भाऊ, पण हाक गेली."

ते मला फार लागलं. म्हणजे मी गच्चीवर जे बोललो त्याचा उपयोग काय झाला? दुसरं नाव असतं तर निदान कोणी तिला हाक तरी मारली असती. पुढे बरेच दिवस संगीताच्या खोलीवरून जाताना मी पाय उचलून चालायचो.

या महिन्यात, हा लेख द्यायचा की नाही असा विचार करत मी सायकल स्टँडवर उभा होतो, तर समोर भाऊजी. खाणीच्या कामानं नागपूरला आले होते, अंगावर तोच खाकी शर्ट. घरचं सगळं ठीक आहे ना, असं मी घाबरून विचारलं. ते म्हणाले, ठीक आहे, तुझ्या बहिणीनं एक निरोप दिला आहे, आणि तो तुला समोर बसवूनच सांगायचा आहे. आम्ही स्टँडच्या कट्ट्यावर बसलो. संगीताच्या खोलीतून त्या दिवशी दुसरंच काहीतरी ऐकू येत होतं.

भाऊजींनी सांगितलं ते असं. बाईला गावातल्याच शाळेत नेमणूक मिळाली. सांगायला शाळेचा चपराशी घरी आला. ओसरीवर सासरे एकटेच होते. चपराशानं विचारलं, कलावतीबाई इथंच राहतात का? मोठ्या गुरुजींनी बोलावलं आहे, निरोप बाईंनाच द्यायचा आहे. सासरे आधी खोकले. मग काठी आपटली. आत जात्याची घरघर चालू होती, कोणाला काही ऐकू गेलं नाही. चपराशी म्हणाला, मी जातो, मग येईन. सासरे उठून उभे राहिले. म्हणाले, थांब.

"अन् मग बाबानं हाक मारली," भाऊजी म्हणाले. "मोठ्यानं. कलावती, असं. शेजारचे लोक बाहेर आले."

"बाईनं ओ दिली?" मी विचारलं.

"ऐक तं. जातं थांबलं. पहिली ओ मायनं देल्ली. पिठाचे हात तसेच घेऊन ती दारात आली, तिच्या मागून तुही बहीण. काका म्हणत होते नं, तसंच. माय बाबाकडे पाहूनच राहिली. म्हणे, मले हाक मारली का?"

"मग?"

"बाबा म्हणे, हो. दोघींले."